पाच थ

गोळीबार चौकातून आत वळलं की जागृती प्रेस.
मे महिना. आत कूलर नाही,
कूलरनं कागद सर्द होतो.
माणूस घामानं भिजला तर मालकाला चालतो,
कागद नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला.
खिशात उसने साठ रुपये,
हातात बावीस कवितांची वही.
नाव ठरलेलं,
मुखपृष्ठावरची सुटे केस सोडलेली बाईसुद्धा ठरलेली.

तुळशीराम हेडाऊ कंपोझिटर.
चष्म्याची एक काडी सुतळीची.
त्यांनी वही वाचली नाही, मोजली.
बोट ओळीखालून सरकत गेलं
आणि चौथ्या पानावर थांबलं.

"भाऊ, तुमाले थ लय लागते."
"म्हणजे?"
"अथांग. व्यथा. वृथा. मंग अथांग. मंग पुन्ना व्यथा.
माह्याजवळ या साइजचे थ पाचच हायेत,
त्यातला एक कानतुटका.
एका पानात सहावी व्यथा आली
का पान बसत नाही, बाप्पा."

मालक नवे खिळे आणणार नव्हता,
तो लग्नपत्रिकांचा माणूस.
मग समोरच्या टपरीच्या बाकावर बसून,
तर्रीनं नाक गळत असताना,
मी कापायला लागलो.

पहिली व्यथा गेली, कवितेला काहीच झालं नाही.
दुसरी गेली.
तिसरीपाशी मात्र स्वतःला विचारावं लागलं
की बुवा, नेमकं दुखत काय होतं?
दाढ, बहुतेक.
आणि सदरमधल्या एका मुलीनं
न बोलता परत पाठवलेली छत्री,
नीट घडी घालून, बटण लावून.
छत्री लिहिली.
छत्रीत थ नाही.

हेडाऊजींना साहित्य कळत होतं असं समजू नका.
सनईला घाई जुळवलेल्या मंगलाष्टका लावताना
त्यांचे डोळे भरून यायचे.
"याले म्हनतात कविता," मला ऐकवायचे.
माझ्या ओळी त्यांनी शिशातच पाहिल्या,
उलट्या, आरशातल्यासारख्या.

ऑगस्टात त्यांची बायको गेली.
मी रात्रभर जागून मजकूर लिहून नेला:
क्रूर काळ, अथांग माया, पोरका झालेला संसार.
तो मात्र त्यांनी सुलटा वाचला.
"चांगलं हाये," म्हणाले,
घडी करून वरच्या खिशात ठेवला,
आणि केसपाशी उभे राहून,
आधी कुठंच न लिहिता,
एकेक खिळा उचलत गेले:

*कौसल्या हेडाऊ. वय एकोणपन्नास.*
*मंगळवारी साडेपाचला नळ आले. ती उठली नाही.*
*बादली मी भरली.*
*तेरवी रविवारी, घरी.*

प्रूफ मी काढलं. शाई बोटांना लागली.
म्हटलं, "हेडाऊजी, ते बादलीचं
लोकांना कशाला?"
ते स्टिक पुसत होते.
"भरली ना पन," म्हणाले.

खान्यात पाचही थ पडून होते,
कानतुटका सगळ्यांत वर.

बावीसच्या नऊ झाल्या. पुस्तक निघालं,
बाईशिवाय. अकरा प्रती खपल्या.
नऊच्या नऊ चांगल्या होत्या असं म्हणायला आवडलं असतं.
दोन असतील. छत्रीची एक,
दुसरीबद्दल माझं मत दर दिवाळीला बदलतं.

आता मनीषनगरात चौथ्या मजल्यावर
मोबाइलमध्ये थ संपत नाही.
बोट टेकवलं की हजर,
सगळे धडधाकट कानांचे.
काल रात्री अथांग लिहिलं.
अडवायला कोणी नव्हतं, म्हणून पुन्हा लिहिलं.
तिसऱ्यांदा लिहीत होतो
तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं,
"अजी, मोटर बंद करा,
टाकी कव्हाची भरून वाहून राहिली!"